संकरित हरळीच्या प्लॉटमध्ये तिसऱ्या वर्षी वेगळे ठिपके: वाण काढून टाकण्याआधी जमीन तपासा

दोन वर्षं एकसारखी वाढलेली त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) लॉनची हरळी, तिसऱ्या उन्हाळ्यात मधेच जाड पानांची फिकट वर्तुळं, आणि गाइड म्हणतात, ‘वाण अस्थिर आहे, यादीतून काढा.’ तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं मी पाहिलंय, अमेरिकेतल्याच एका विद्यापीठाच्या टर्फ ब्रीडिंग, म्हणजे लॉनच्या गवताच्या नव्या जाती काढण्याच्या, कार्यक्रमात. कोणत्या ते विचारू नका, सांगणार नाही.

काढू नका. निदान अजून नाही.

गाइडचं म्हणणं अगदीच निराधार आहे असं नाही. अशी गवतं बदलतात. टिफग्रीन ही संकरित लॉन-हरळी 1956 ची, आणि 1965 ला आलेलं टिफड्वार्फ तिच्यातूनच निपजलेलं बुटकं रूप. टिफस्पोर्ट तर मिडआयर्न या जातीवर गॅमा किरण सोडून मुद्दाम काढलेलं. त्यामुळे ‘म्युटेशन’ म्हटलं की सगळे माना डोलावतात. पण म्युटेशन ही शंका सर्वांत शेवटी घ्यायची, सर्वांत आधी नाही. ती सिद्ध करायला कष्ट पडतात आणि गृहीत धरायला काहीच लागत नाही, म्हणून लोक गृहीत धरतात. हे माझं मत, वाद घालायचा असेल तर खुशाल घाला.

आधी फावडं घ्या. ठिपक्याच्या मधोमध वीतभर खोल चौकोनी ढेकूळ काढा, बादलीत भिजत ठेवा आणि माती हाताने सोडवा. पाण्याचा जोर लावला की काशा (जमिनीखालची आडवी खोडं) तुटतात आणि नेमकं जे बघायचं तेच हातचं जातं. आता जाड पानाचा एक फुटवा धरून खाली खाली जा. तो वरच्या धावत्या खोडाला जोडलेला असेल आणि ते खोड प्लॉटांमधल्या वाटेकडून येत असेल, तर शेजारच्या प्लॉटमधून किंवा मोअरबरोबर आलेली घुसखोरी आहे. पण तो खाली उतरून, तुम्ही लावलेल्या प्लगच्या (मातीसकट लावलेल्या रोपाच्या) तळाच्याही खालून येणाऱ्या जाड, तपकिरी, जुनाट काशीला मिळत असेल, तर ते गवत तुमच्या आधीपासून तिथे आहे. तुम्ही त्याच्या घरात राहायला आलात, ते तुमच्या घरात नाही.

कणसंही चोळून बघा. डॅक्टिलॉन (साधी हरळी) आणि ट्रान्सवालेन्सिस (तिची आफ्रिकी बहीण) या दोन प्रजातींचा त्रिगुणित संकर बी धरत नाही, त्यामुळे ठिपक्यातल्या कणसात भरलेलं बी मिळालं तर ते गवत बाहेरचं, माझ्यापुरता विषय तिथेच संपतो. उलट, बी मिळालं नाही म्हणून सुटलो असं मात्र समजू नका. कोस्टलसारखी वैरणीची हरळीही बी फारसं धरत नाही, आणि माझा सगळा घोळ तिथेच झाला.

आम्हाला निवड झालेल्या ओळींच्या (म्हणजे होऊ घातलेल्या वाणांच्या) शुद्ध लागणीसाठी नवा तुकडा हवा होता. जमीन वाटणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज गेला आणि त्यात आम्ही स्पष्ट विचारलं होतं की या तुकड्यात आधी कुठलीही हरळी होती का. उत्तर एका शब्दाचं: ‘पडीक’. तोंडी विचारलं, मेल केली, पुन्हा विचारलं. दर वेळी तेच, वर ‘नोंदी पाहूनच सांगितलंय’ हे सुनावणं वेगळं. तिसऱ्या उन्हाळ्यात ठिपके आले आणि तुमच्यासारखंच आमच्याकडेही अस्थिरतेचं पालुपद सुरू झालं. मग एकदा जुना ट्रॅक्टरवाला सहज बोलून गेला की या तुकड्यावर तो स्वतः वैरणीच्या गाठी बांधायचा. कोस्टल! गवत-पैदासकार ग्लेन बर्टन यांनी जॉर्जियातल्या टिफ्टनला काढलेली 1943 ची जात. पुढे टिफग्रीन आणि टिफवेही त्यांनीच दिल्या, म्हणजे आमच्या प्लॉटमध्ये एकाच माणसाची चारा-हरळी आणि त्याच्याच वाटेने आलेली लॉन-हरळी भांडत होती. ‘पडीक’ म्हणजे त्या कार्यालयाच्या लेखी ‘भाडं येत नाही’ एवढंच होतं.

बरं, चूक कळल्यावर तरी हलावं? नाही. जुनी नोंद मागितली तर जतन करायची मुदत संपली म्हणे. दुसरा तुकडा मागितला तर नवा अर्ज, नव्या आर्थिक वर्षात. तो मंजूर होऊन हाती आला तेव्हा लागणीचा हंगाम सरला होता. ही चार-सहा महिन्यांची बाब वाटेल, पण तशी नाही. नवे वाण जिथे तुलनेला उतरतात त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय टर्फ चाचणीत हरळीची नवी फेरी दरवर्षी लागत नाही. 2007, मग 2013, मग 2019. फेरीला शुद्ध लागवडसाहित्य तयार नसेल तर तुमची ओळ पुढच्या फेरीपर्यंत बसून राहते. तोवर दुसरं विद्यापीठ थंडी सोसणारी किंवा कमी पाण्यावर टिकणारी जात बाजारात आणून मोकळं होतं. त्या खुर्चीतल्या माणसाला हे कोण समजावणार? त्याच्यासाठी गवत म्हणजे गवत.

म्हणून माझा सल्ला, थोडा कडवट असेल: जमिनीचा इतिहास कार्यालयाला विचारा, लेखी घ्या, आणि त्यावर विश्वास ठेवू नका. जुनी उपग्रहचित्रं चाळा, गाठी बांधलेल्या शेताच्या पट्ट्या त्यात ओळखू येतात. फार्मवरच्या सर्वांत जुन्या माणसाला गाठा. आणि लागणीआधी एक अख्खा वाढीचा हंगाम जमीन नुसती मोकळी ठेवून, पाणी देऊन, काय उगवतं ते बघा. उगवलं की ग्लायफोसेट हे तणनाशक, पुन्हा फूट आली की पुन्हा. एका फवारणीत हरळी मेली असं सांगणाऱ्याने ती कधी मारलेली नसते. फ्लुआझिफॉप या दुसऱ्या तणनाशकाची जोड दिली तर निकाल बरा येतो, पण लेबल आणि तुमच्या राज्याचे नियम बघूनच, मी काही परवानाधारक सल्लागार नाही. पूर्वी मिथाइल ब्रोमाइड वायूने जमीन निर्जंतुक करून घ्यायचे, तो रस्ता ओझोनच्या करारानंतर जवळपास बंद झाला, त्यामुळे आता सबुरी हाच उपाय.

डीएनए मार्करबद्दल तुम्ही विचारलंय. करा, पण काय कळेल आणि काय नाही हे आधी समजून घ्या. बाहेरचं गवत असेल तर मार्कर लगेच सांगतील. पण त्याच वाणातलं म्युटेशन असेल तर नेहमीचे मार्कर बहुधा ठिपक्याचा आणि बाहेरचा असे दोन्ही नमुने सारखेच दाखवतील. टिफग्रीन कुटुंबातल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढताना हीच पंचाईत होते. म्हणजे ‘वेगळं’ हा निकाल भक्कम, ‘सारखं’ हा निकाल अर्धवट.

त्याआधी स्वस्तातलं काम उरका, फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशीतलं डीएनए मोजून गुणसूत्रांच्या संख्येचा अंदाज घेणं. तुमचा संकर 27 गुणसूत्रांचा, साधी हरळी बहुतेक 36 ची, कोस्टलही 36. ठिपका 36 चा निघाला तर गाइडसमोर कागद ठेवा. एक मेख मात्र आहे: तुमच्या चाचणीत पेट्रियट ही जात असेल तर ती संकरित असूनही 36 ची आहे, कारण तिचा एक पालक षट्गुणित (सहा संचांचा). शेजारच्या प्लॉटला पेट्रियट आहे का ते नकाशात बघून मगच निष्कर्ष काढा.

जाता जाता ग्रीनहाउसबद्दल. मूळ कुंड्या, म्हणजे ज्यांतून लागण घेतली त्या, बाकावर खेटून ठेवल्या असतील तर आजच लांब करा. धावती खोडं रात्रीत शेजारच्या कुंडीत उतरतात, तिथे मुळं धरतात, आणि लेबल मात्र जुनंच राहतं. तुमची मूळ कुंडीच भेसळीची असेल तर वरचं सगळं पुराण व्यर्थ, म्हणून नमुन्यांत तिचाही एक नमुना हवाच. आणि दर वर्षी गवत डोळ्यांनी पाहून द्यायचे 1 ते 9 चे गुण वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी दिले असतील तर ‘दोन वर्षं एकसारखी’ या तुमच्या वाक्यावरही मी फारसा विसंबणार नाही. जुने फोटो असतील तर ते काढून बघा.

सायटोमेट्रीला पानं पाठवताना कोवळी घ्या, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत, बर्फाच्या डब्यात, पण गोठवू नका. ठिपक्याचा, ठिपक्याबाहेरचा आणि मूळ कुंडीचा, तिन्ही नमुने एकाच दिवशी एकाच यंत्रावर चालवायला सांगा. आणि धुतलेल्या काशीचा फोटो इथे टाका, वरून किती खोल होती ते मोजून.