शाळेच्या वाचनालयातला फिल्टर अभ्यासाच्या साईट अडवतो आणि गेम सोडतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातल्या तुमच्या शाळेच्या वाचनालयात प्रत्येक संगणकाच्या ब्राउझरमध्ये शब्द पकडणारं एक्स्टेंशन टाकलंय. तेव्हापासून दहावीच्या मुलांना स्तनाच्या कर्करोगाची माहिती उघडत नाही, गेम मात्र सुरूच. असंच होणार. एक्स्टेंशनला शब्द कळतो, संदर्भ नाही. आणि मुलं दुसरा ब्राउझर किंवा इन्कॉग्निटो विंडो उघडून त्याला चुकवतात. ते काढून टाका, अडवणूक डीएनएसवर करा, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर.

सोपा मार्ग म्हणजे राउटरच्या डीएचसीपीमध्ये (प्रत्येक संगणकाला नेटची सेटिंग आपोआप देणारा भाग) १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकणं (अंक इंग्रजीतच टाका). क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा व्हायरसच्या आणि अश्लील साईट अडवते. पण चुकून अडलेली साईट सोडवायची सोय तिच्यात नाही, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय. म्हणून २ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर अ‍ॅडगार्ड होम हा स्वतःचा डीएनएस फिल्टर चालवायचा प्रोग्राम बसवा, त्या संगणकाला कायमचा आयपी द्या, राउटरच्या डीएचसीपीमध्ये डीएनएस म्हणून तोच आयपी टाका आणि अ‍ॅडगार्डमध्ये अपस्ट्रीम (तो पुढे ज्याला विचारतो तो डीएनएस) म्हणून १.१.१.३ ठेवा. एखादी साईट सोडवायची असेल तर अपस्ट्रीमच्याच यादीत नवी ओळ: चौकटी कंसात दोन तिरक्या रेघांमध्ये (/) साईटचं नाव, कंसाबाहेर लगेच १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचाच बिनफिल्टरचा डीएनएस). सेफसर्च (शोधाच्या निकालातून अश्लील गोष्टी गाळणं) आणि काही नेहमीच्या गेमची बटणं तिथेच आहेत. बाकीच्या गेम साईट हातानेच टाकाव्या लागतात.

गळती कुठे होते ते बघा. नेट बंद पडू नये म्हणून तंत्रज्ञ दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकून जातो. मग काही विचारणा फिल्टरला वळसा घालून जाते. ती जागा रिकामी ठेवा आणि त्या जुन्या संगणकाला यूपीएस द्या, नाहीतर उन्हाळ्यात वीज गेली की नेटही गेलं. राउटर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे नेट-पत्ते) देत असेल तर त्यावरून इंटरनेट कंपनीचा डीएनएस संगणकांपर्यंत पोहोचू शकतो. आयपीव्ही६ बंद करा. राउटरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ आणि ८५३ (डीएनएसची विचारणा बाहेर जाण्याच्या वाटा) फक्त अ‍ॅडगार्डच्या संगणकाला मोकळे ठेवा. क्रोम, एज, फायरफॉक्समधलं सिक्युअर डीएनएस (ब्राउझरने राउटरला वगळून थेट बाहेरच्या डीएनएसला विचारणं) अ‍ॅडमिन खात्यातून पॉलिसी, म्हणजे मुलांना बदलता न येणारा नियम, लावून बंद करा. साध्या सेटिंगमधून केलं तर मुलं पुन्हा चालू करतात. इंटरनेट कंपनीच्या राउटरमध्ये हे बदल करता येत नसतील तर त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर यातलं काहीच चालत नाही.

यूट्यूबचा कडक मोड टाळा. त्यात अभ्यासाचीही बरीच व्याख्यानं गायब होतात. मध्यम मोड पुरे.

साईट सोडवायचा अधिकार ग्रंथपालांकडेच हवा, मुख्याध्यापकांच्या सहीसाठी फाईल फिरवायची नाही. अमेरिकेत २००० च्या कायद्याने इंटरनेटसाठी केंद्र सरकारचं अनुदान घेणाऱ्या वाचनालयांना फिल्टर बंधनकारक झाला. तो २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात टिकला, त्यामागे प्रौढ वाचकाने सांगितल्यावर ग्रंथपाल फिल्टर काढू शकतो हेही एक कारण होतं. सोडवलेल्या साईटच्या वहीत साईटचं नाव आणि तारीख एवढंच लिहा. मुलीने कोणता आजार शोधला, त्याची नोंद शाळेत नको.