शेवटी कालवायचंच आहे, तर बिबिम्बापच्या भाज्या वेगवेगळ्या का करायच्या?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मोसमी भाज्या घालून बिबिम्बाप (भातावर वेगवेगळ्या भाज्या मांडून, मग कालवून खायचा कोरियन पदार्थ) घरी करायचाय, तर शेवटी सगळं एकत्रच होणार म्हणून भाज्या एकाच कढईत परतल्या तर चालतील का? आणि गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली कोरियन पेस्ट, मिळाला नाही तर शेजवान चटणी वापरली तर चालेल का?

नाही आणि नाही.

पहिल्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण हेच वाक्य मी आमच्या घरी चारचौघांत ऐकून घेतलंय आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं.

मी साडेतीन वर्षं दक्षिण कोरियात जॉन्जूमध्ये पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला होते. बिबिम्बाप म्हटलं की कोरियात पहिलं नाव या गावाचं निघतं. 2012 साली युनेस्कोने त्याला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. माझ्या खोलीच्या खाली घरमालकीणबाई राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. सगळे त्यांना हालमोनी म्हणायचे, म्हणजे आजी. मीही तेच म्हणायचे. पहिल्या वसंतात मी त्यांना जेवायला बोलावलं. लॅबमधून यायला उशीर झाला होता, म्हणून पालक, गाजर, मश्रूम, मोड आलेलं सोयाबीन असं सगळं एकाच पॅनमध्ये सोया सॉस घालून परतलं, भातावर घातलं, वर अंडं. आजींनी शीतही न टाकता संपवलं, आभार मानले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेसातला दारावर थाप. आजींच्या हातात चिखलाने भरलेली भाजीची पिशवी. पुंगनाममुन वेशीजवळच्या नाम्बू बाजारालगत, ओढ्याकाठी पहाटे म्हाताऱ्या बायका भाजी घेऊन बसतात, तिथून आणलेली. भाजीचं नाव नेंगी. थंडी सरता सरता शेताच्या बांधावर उगवते आणि मुळासकट खातात, कारण वास मुळातच असतो. आजींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मला शेजारी बसवलं आणि लहान सुरीने एकेक मूळ कसं खरवडायचं ते दाखवलं. पानं आणि मूळ जुळतं त्या खाचेत माती अडकते, ती सुरीच्या टोकाने काढायची. वाडगाभर नेंगी निवडायला आम्हा दोघींना तासभर लागला. माझ्या बोटांना संध्याकाळपर्यंत ओल्या मातीचा वास येत होता.

मग त्यांनी भाज्या करायला घेतल्या. प्रत्येक भाजीचं मीठ वेगळं. नेंगी उकळत्या पाण्यातून काढून पिळली आणि तिला दोएनजांग लावलं, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली खारी पेस्ट. पालक अर्धा मिनिट पाण्यात, लगेच गार पाण्यात, घट्ट पिळून त्याला सोया सॉस, लसूण आणि भाजलेल्या तिळाचं तेल. सोयाबीनच्या मोडांना फक्त मीठ, कारण ते पांढरे दिसले पाहिजेत. आणि शिजताना मध्येच झाकण उघडायचं नाही, उघडलं तर कच्चट वास राहतो. दोराजी नावाचं एक कडू मूळ असतं, ते मीठ लावून चोळून पिळायचं, आपण कारल्याचं करतो तसंच. वाळवलेल्या नेच्याचे कोंब, म्हणजे कोसारी, आदल्या रात्रीपासून भिजवून उकळून आणलेले होते. ते पेरिलाच्या (तुळशीच्या कुळातल्या एका झाडाच्या बियांच्या) तेलात परतून थोड्या पाण्यात मुरवले.

पालेभाजीला मसाला लावताना आजी म्हणत होत्या, ‘जोमुल जोमुल’. बोटांच्या टोकांनी, दाबून पण न चिरडता भाजी हलवण्याचा हा नादशब्द आहे. चमच्याने ते होत नाही. कोरियनमध्ये ‘सोनमात’ असाही शब्द आहे, हाताची चव. आपण ‘तिच्या हाताला चव आहे’ म्हणतो, अगदी तेच.

त्या दिवशी मला कळलं की या पदार्थात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना दोन वेगळी क्रियापदं आहेत. भाजीला मसाला लावणं म्हणजे मुचिदा. भात कालवणं म्हणजे बिबिदा, त्यावरूनच बिबिम. लावणं हे स्वयंपाक करणाऱ्याचं काम, कालवणं हे खाणाऱ्याचं. मराठीला हा फरक नवा नाही. दडपे पोहे लावतो आणि दहीभात कालवतो, उलटं कोणी म्हणत नाही.

आता आमच्या घरचं. पुण्यात परत आल्यावर दिवाळीत सगळ्यांसाठी मी बिबिम्बाप करायला घेतला. ओट्यावर सहा वाट्यांत सहा भाज्या मांडल्या होत्या. आमच्या मोठ्या जाऊबाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, ‘शेवटी कालवायचंच आहे ना, मग हा पसारा कशाला?’ मी फोन घ्यायला बाहेर गेले तेवढ्यात त्यांनी सगळ्या वाट्या एका कढईत उपड्या केल्या आणि वरून मोहरीची फोडणी दिली. सगळे हसले, आवडीने जेवलेही. मी जेवले नाही. जाऊबाईंचं म्हणणं होतं की भोगीची भाजी आपण एकत्रच शिजवतो, त्यात कुठे काय बिघडतं?

त्याचं उत्तर मला आज देता येतं. भोगीच्या भाजीत वांगं, गाजर, वाल, हरभरा एकमेकांच्या रसात शिजतात आणि तिळाच्या कुटाने सगळ्यांची मिळून एक चव होते. ती चव हवी म्हणूनच ती एकत्र करायची. बिबिम्बापात एकच चव नको असते. एका घासात कडू जास्त, दुसऱ्यात खारट, तिसऱ्यात गाजराचा गोडवा, आणि भात मधे. एकत्र परतलं की मश्रूमचं पाणी सुटतं, पालकाचा लगदा होतो, गाजर कच्चं राहतं आणि सगळ्याला सोया सॉसची एकच चव येते. खाऊ नये असं नाही; त्याला भाज्या घातलेला भात म्हणा.

आणि पसाऱ्याचं म्हणाल तर पसारा होतच नाही. पॅन एकच, तोही मध्ये न धुता. आधी पांढरं, मग गाजर, शेवटी मश्रूम आणि सोया सॉसचं जे काही असेल ते. फिक्याकडून गडदाकडे. उकडायच्या भाज्यांना एकच पातेलं, पालक सगळ्यात शेवटी. चार माणसांचं तासाभरात होतं.

मोसमाचं म्हणाल तर तिथे बिबिम्बापच्या भाज्या ठरलेल्या नसतात. उन्हाळ्यात जवाच्या भातावर कोवळ्या मुळ्याच्या पाल्याची किमची, म्हणजे मीठ-मसाला लावून आंबवलेली भाजी. हिवाळ्यात मुळ्याचा पाला दोरीवर वाळवून ठेवलेला असतो, त्याला शिरेगी म्हणतात. चांद्रवर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, साधारण आपल्या माघ पौर्णिमेच्या सुमारास, आदल्या वर्षी वाळवलेल्या भाज्या भिजवून पाच धान्यांच्या भाताबरोबर खातात. म्हणून तुमच्या बाजारात जे कोवळं आणि स्वस्त आहे ते घ्या. थंडीत पालक, गाजर, मुळा (किसून मीठ, तिखट आणि थोडं व्हिनेगर लावून कच्चाच), पावसाळ्यात आळंबी, काकडी. लाल माठ नको, सगळ्याला रंग लागतो. ढोबळी मिरची मी घालत नाही, तिचा वास बाकी सगळ्यांवर बसतो. चार-पाच भाज्या पुरे. भात इंद्रायणीचा करा, बासमती अजिबात नको, सुटी शितं कालवली जात नाहीत.

गोचुजांग म्हणजे मिरचीपूड, आंबवलेलं सोयाबीन आणि चिकट तांदूळ. त्याला तिखटाबरोबर मुरलेला गोडवा असतो. शेजवान चटणीत व्हिनेगर आणि आलं-लसूण पुढे येतं, भाज्यांना लावलेलं सगळं तिच्याखाली झाकून जातं. गोचुजांग नसेल तर सरळ सोया सॉसवर जा. आन्दोंग गावात हॉत्जेसाबाप नावाचा प्रकार करतात, श्राद्धाच्या ताटासारखा, त्यात गोचुजांग घालतच नाहीत, सोया सॉसच असतो. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा भाजलेल्या तिळाचं तेल, ठेचलेली लसूण, थोडं तिखट, भाजलेले तीळ. आपलं नेहमीचं तिळाचं तेल त्या वासाचं नसतं. ते घेणार असाल तर तीळ खरपूस भाजून भरपूर घाला.

तुम्ही शाकाहारी असाल तर हे आधी सांगायला हवं होतं: जॉन्जूच्या हॉटेलांत भात बऱ्याचदा हाडांच्या पाण्यात शिजवतात, वर कच्चं गोमांस येतं, आणि किमचीत माशाचा रस असतो. घरी करताना यातलं काहीच लागत नाही. अंड्याशिवायही छान होतो. बाजारच्या गोचुजांगमध्ये पुष्कळदा गहू असतो, चालत नसेल तर डबा वाचून घ्या. आणि नेच्याचे कोंब रानातून स्वतः तोडून आणू नका, कच्चे विषारी असतात; वाळवलेले मिळाले तर भिजवून, उकळून, पाणी फेकून मगच वापरा.

भात वाफाळता, भाज्या कोमट. वाडग्यात भाज्या शेजारी शेजारी मांडा आणि तसाच समोर ठेवा. चमच्याने दाबून कालवू नका. आजी चॉपस्टिक्सने खालून वर उचलत कालवायच्या, म्हणजे शितं मोडत नाहीत. आणि कृपा करून दुसऱ्याच्या वाडग्यातला भात कालवून देऊ नका.