ऑगस्टमध्ये चार पूर्ण होतील, मग यंदा एलकेजीला घालू की वर्षभर थांबू?

तुमचा मुलगा ऑगस्टमध्ये चार पूर्ण करतोय, शाळा ‘चालतंय, घ्या अ‍ॅडमिशन’ म्हणतेय आणि घरचे ‘वर्ष वाया जाईल’ म्हणून मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर थांबा.

आधी हिशेब मांडा. आपण कर्नाटकात राहतो, आणि इथे पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. आदेश २०२२ चा. तो लागू करणं २०२५-२६ पर्यंत पुढे ढकललं होतं, आणि त्या वर्षीही यूकेजी झालेल्या मुलांना पाच वर्षं पाच महिन्यांवर पहिलीत घेतलं. ती सूट एका वर्षापुरती म्हणूनच दिली होती; तिच्या भरवशावर राहू नका. यंदा एलकेजी केलं तर पहिलीच्या वेळी तुमचा मुलगा पावणेसहाचाच असेल. म्हणजे यूकेजी दोनदा. सोबतची पोरं वरच्या वर्गात गेलेली आणि आपण त्याच बाकावर, हे त्या वयात फार लागतं. आत्ता थांबण्यात यातलं काहीच नाही.

चंदगडच्या नातेवाइकांशी तुलना करू नका. महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरला मोजतात, त्यामुळे तिथलं त्याच्याच वयाचं पोर एक इयत्ता पुढे दिसणारच. दोन-तीन वर्षांत तिकडे राहायला जायचं पक्कं असेल, तरच वेगळा विचार करा.

माझा मुलगा जुलैतला. आम्ही थांबलो, पण घरी बसवून ठेवलं नाही, गल्लीतल्या अंगणवाडीत घातलं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बाई बऱ्याचदा कन्नड बोलणाऱ्या असतात. आपलं पोर घरी फक्त मराठी बोलतं. शू लागली तरी सांगता येत नाही, मग ते चड्डी मुठीत धरून बसून राहतं. त्या वर्षात माझ्या मुलाला अंगणवाडीतल्या पोरांकडून कामापुरतं कन्नड आलं, ‘नीरु बेकु’ (पाणी हवंय) म्हणायला लागला. डब्याचं झाकण काढणं, चड्डीचं बटण लावणं हेही तेव्हाच जमलं. डबा उघडत नाही म्हणून उपाशी परत येणारी पोरं मी बघितलीत हो. पेन्सिलीची घाई कुणी करू नये, खडू आणि कणकेचा गोळा पुरे.

मूल मार्च-एप्रिलचं असेल तर मात्र ‘वर्गात पहिला यावा’ म्हणून उगाच मागे ठेवू नका, तो त्याच्यावर अन्याय आहे.

आणि कुणी जन्मतारीख मेमधली करून आणा असं सुचवलं तर अजिबात ऐकू नका. जन्मदाखला, आधार आणि पुढे दहावीचं मार्कशीट, तिन्हीकडे तारीख जुळली नाही तर पासपोर्टच्या वेळी खेटे तुम्हालाच घालावे लागतात.