तिथीची पाऊणपट आणि एक छोटं पान

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ब्राउझरमध्ये काहीतरी गमतीचं करायचं आहे, पण ते हर्णैच्या बंदरावर कुणाच्या तरी उपयोगी पडावं, असं तू लिहिलंस. मग भरती-सुकतीचंच (सुकती म्हणजे ओहोटी) पान कर. आधी कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या चौकोनात) पाणी वरखाली होऊ दे, वेळा त्यानंतर. एकच एचटीएमएल फाइल, बाहेरची एकही लायब्ररी नाही, सगळं मिळून ५० केबीच्या आत.

गणित किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे जसंच्या तसं कोडमध्ये घातलंस तर पौर्णिमेला सव्वाअकरा येतील आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. पडद्यावरचं पाणी दीड तासाची उडी मारेल. खरं तर पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास ही तोंडी गुणाकाराची सोय आहे आणि तोंडी हिशेबाला ती पुरते. तू ४८ घे.

तिथी काढायला ६ जानेवारी २०००, ग्रिनिच वेळ १८:१४ ची अमावास्या पायाला धर. तिथपासून आतापर्यंतचे दिवस २९.५३०५८८ ने भाग, महिन्याचे तीस भाग धरून उरलेली बाकी त्या भागांत मोज. उत्तर अपूर्णांकातच ठेव. पूर्णांक केलंस की पाणी दिवसभर एका जागी थांबून मग धक्का खातं. हा सरासरी महिना आहे, त्यामुळे खऱ्या अमावास्येपेक्षा हिशेब अर्धा दिवस मागेपुढे होतो आणि भरतीत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. इथे हमखास होणारी एक चूक सांगून ठेवतो. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख दिली तर ती ग्रिनिचची मध्यरात्र समजली जाते, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच; तारखेला वेळ जोडून दिली आणि वेळेचा विभाग (कुठली वेळ ते) लिहिला नाही तर तीच स्थानिक धरली जाते. म्हणून प्रत्येक वेळी शेवटी +०५:३० किंवा ग्रिनिचची खूण (Z) लिहीच.

आता बंदरानुसार वेळेची दुरुस्ती. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातून जवळच्या बंदराच्या पंधरा दिवसांच्या भरत्या घे, प्रत्येकीतून तुझी वेळ वजा कर, ते फरक चढत्या क्रमाने लाव आणि मधला उचल. सरासरी नको, कारण दोन वाकडे आकडे तिला ओढून नेतात. पंधरा दिवस यासाठी की त्यात उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि भांग (सर्वांत लहान भरती) दोन्ही येतात. खाडीसाठी हाच आकडा वापरू नकोस. दाभोळच्या तोंडाशी पाणी चढलं तरी वाशिष्ठीत आत ते उशिरा पोचतं.

पाण्याची उंची मात्र या वाटेने दाखवू नकोस. आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि मुंबईकडून वेंगुर्ल्याकडे जावं तसा भरती-सुकतीतला फरक कमी होत जातो. मीटरमध्ये सांगायचं तर चंद्र-सूर्याच्या ओढीचे घटक वेगवेगळे मांडून त्यांची बेरीज करावी लागते. चंद्राचा मुख्य घटक तासाला २८.९८४ अंश फिरतो, सूर्याचा ३०. दोघांतलं अंतर तासाला १.०१६ अंश, म्हणून दर १४.७७ दिवसांनी ते पुन्हा जुळतात आणि उधाण येतं. हे दोनच घटक कॅनव्हासवर एकावर एक काढून बघ. उधाण-भांगाचं चित्र आपोआप उमटतं, आणि ते फार सुंदर दिसतं. पण प्रत्येक बंदरासाठी त्यांची उंची आणि कोन मोजलेलेच हवेत. अंदाजाने भरलेले आकडे किनाऱ्यावर धोक्याचे. तोवर पानावर ‘उधाण’ आणि ‘भांग’ एवढेच शब्द पुरेत. आणि खाली स्पष्ट वाक्य लिही: ‘हा अंदाज आहे, होडी हाकारण्यासाठी नाही.’

चित्र हलवताना फ्रेम मोजू नकोस, वेळ मोज. नाहीतर १२० हर्ट्झच्या (सेकंदाला साठाऐवजी १२० फ्रेम दाखवणाऱ्या) फोनवर लाटा दुप्पट वेगाने धावतील. टॅब मागे गेला की ॲनिमेशन थांबतं आणि परत आल्यावर मधला सगळा वेळ एका दमात येतो. म्हणून दोन फ्रेममधलं अंतर ५० मिलिसेकंदांच्या वर जाऊ देऊ नकोस. रेषा पुसट दिसल्या तर कॅनव्हासची रुंदी-उंची पडद्याच्या पिक्सेल गुणोत्तराने गुणायची राहिली आहे. पानावर ३६० रुंद, गुणोत्तर ३, तर आतला कॅनव्हास १०८०.

देवनागरीशी नीट वाग. गावाचं नाव एकेक अक्षर उमटवायचा मोह होईल. ‘रत्नागिरी’त आपल्याला चार अक्षरं दिसतात, यंत्राला नऊ, सुट्टे केलेस की मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतात. ब्राउझरमधला सेगमेंटर (शब्दाची अक्षरं पाडणारं साधन) वापरलास तरी जुन्या आवृत्त्या जोडाक्षर हलन्तापाशी तोडतात, तेव्हा अक्षरं सुटी करण्यापेक्षा अख्खा शब्द डावीकडून उघडत आण. अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.६ पट ठेव. फॉन्ट वेगळा जोडू नकोस, फोनमध्ये देवनागरी असतेच.

जेट्टीवर रेंज जाते, म्हणून सर्व्हिस वर्कर हवाच, म्हणजे पान फोनमध्ये साठवून रेंजविना उघडणारी छोटी स्क्रिप्ट; एचटीएमएलशिवाय तेवढी एक फाइल वेगळी. तो फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर (आपल्याच संगणकावरच्या सर्व्हरवर) चालतो. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडलेल्या पानात चालत नाही. साठवायच्या यादीतली एक फाइल जरी ४०४ (सापडली नाही) आली तरी अख्खं इन्स्टॉल फसतं, आणि पानावर काहीच दिसत नसल्याने हे कळायला वेळ लागतो. बहुतेकदा कारण क्षुल्लक असतं: नावातलं लहान-मोठं अक्षर विंडोजवर खपतं, सर्व्हरवर नाही. गिटहब पेजेसवर (पान इंटरनेटवर ठेवायची जागा) प्रकल्प उपफोल्डरमधून उघडतो, म्हणून मार्गाची सुरुवात तिरक्या रेघेने नको, टिंब आणि तिरकी रेघ अशी कर. दुरुस्ती केलीस की कॅशच्या (फोनमधल्या साठ्याच्या) नावातला आकडा वाढव आणि जुनी कॅश पुसून टाक. नाहीतर लोकांच्या फोनवर कालचंच चुकीचं पान राहील.

पडद्यावर सर्वांत मोठं काय असावं, याचा विचार बसून कर. कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जाणाऱ्या बायांना भरती नको असते, सुकती हवी असते, आणि पाणी परत चढायला किती वेळ उरला तेही. दोन भरत्यांमधलं अंतर १२ तास २५ मिनिटं, म्हणून भरतीनंतर सुमारे सहा तास बारा मिनिटांनी सुकती. तीच वेळ वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत. पांढऱ्यावर काळं, काळा पडदा उन्हात आरशासारखा होतो. बटण एकच, उद्यासाठी, आणि ते ४८ पिक्सेलपेक्षा लहान नको.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नावा वर ओढलेल्या असतात आणि माणसांना बोलायला सवड असते. तेव्हा पान घेऊन जा. फोन विमान मोडवर टाक, पान पूर्ण बंद करून पुन्हा उघड आणि त्यांच्याच हातात दे. आजचं पाणी कधी सुकेल ते आधी त्यांना विचार, मग पान बघ. फरक मिनिटांत वहीत मांड, सोबत तिथी, जागा, वारा आणि पाऊस लिही. पावसाळ्यात वारा नि नदीचं पाणी हिशेब बिघडवतात, त्यामुळे जून-जुलैच्या नोंदींवरून दुरुस्तीचा आकडा बदलू नकोस. ऑक्टोबरमध्ये त्याच जागी पुन्हा पंधरा दिवस मोज आणि मग बदल.

कळावे.