‘थोडी लाजाळू’ असं लिहू नका

प्रश्न : ताई, नाशिकजवळच्या एका प्राण्यांच्या निवाऱ्यात मी दर रविवारी मदतीला जाते. तिथे शेवंती नावाची करडी मांजर आहे, चारेक वर्षांची. पाळणारे घर बदलून गेले आणि ही बिल्डिंगच्या जिन्यात राहिली. आल्यापासून खोक्याच्या मागे तोंड खुपसून बसते. एका कुटुंबाने नेली होती. आठव्या दिवशी ‘ही काही माणसाळायची नाही’ म्हणून परत आणून दिली. लोक येतात, पिल्लं घेऊन जातात, हिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. जाहिरातीत आम्ही ‘थोडी लाजाळू’ असं लिहितो. हिला घर मिळेल का? कसं शोधू?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आधी ते ‘थोडी लाजाळू’ खोडा. लाजाळू वाचलं की माणसाला वाटतं, दोन दिवसांत मांडीवर येऊन बसेल. तिसऱ्या दिवशीही ती पलंगाखालीच दिसली की हात घालून ओढणं सुरू होतं, आणि मग ती ओरबाडते. सरळ लिहा : ‘शेवंती घाबरलेली आहे. पहिला महिना ती बहुतेक दिसणार नाही. ज्यांना हे चालेल त्यांनीच फोन करावा.’ फोन कमी येतील. येऊ देत. तुम्हाला एकच घर हवं आहे.

ज्यांनी परत आणली त्यांच्याशी एकदा शांतपणे बोला. पहिल्या दिवशी कुठे ठेवली होती, किती जण बघायला आले, कोणी ओढून काढली का. त्यांना बोल लावायला नव्हे, पुढच्या घरी तेच होऊ नये म्हणून.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार धीर देते. ही घरात वाढलेली मांजर आहे. पिल्लाची माणसांशी ओळख होण्याचा खरा काळ म्हणजे जन्मानंतरचा दुसरा ते सातवा आठवडा. तेव्हा माणसाचा हात न लागलेली मांजर मोठेपणी क्वचितच सैल होते. शेवंतीला माणूस माहीत आहे, तिचा फक्त विश्वास उडाला आहे. मात्र घर शोधण्याआधी डॉक्टरांकडून दात, हिरड्या नीट तपासून घ्या. दुखणारं मांजरही असंच कोपरा धरून बसतं. नसबंदी, रेबीजची आणि तिहेरी लस झाली आहे ना, तेही बघा.

माझ्याकडे मखमलाबाद रोडच्या घरी अशीच एक आली होती. शिलाई मशीनच्या मागे बसायची. मी रोज रात्री त्या खोलीत जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून, मेथी नाहीतर गवार निवडत बसायचे. बोलायचं नाही, वळायचं नाही. पाठीमागे ताटलीत उकडलेल्या चिकनचे चार तुकडे, मीठ-कांदा-लसूण काही नाही (कांदा-लसूण मांजराला विषच). तेविसाव्या रात्री मागे खस्स असा आवाज झाला. मी मान न वळवता समोरच्या कपाटाच्या आरशात पाहिलं. मशीनखालून एक पंजा आला, नखं आत घेतलेली. त्याने सगळ्यात जवळचा तुकडा हळूहळू ओढून नेला. मग अंधारात चावण्याचा आवाज. मी तशीच बसून राहिले, मेथीची काडी हातात. हात लावू द्यायला तिला पुढे आणखी दोन महिने लागले.

म्हणून तुम्हाला विचारते, तुमच्याकडे एखादी जास्तीची खोली आहे का? महिनाभर शेवंतीला तिथे ठेवा. निवाऱ्यात शेजारी कुत्री भुंकत असताना कुठलंच मांजर आपला स्वभाव दाखवत नाही. दोन बाजूंनी उघडं खोकं, एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, जेवण त्यापासून लांब. ने-आण करायची पेटी झाकण उघडं ठेवून तिथेच राहू द्या, आत जुनी चादर घाला, म्हणजे पुढे नेताना झटापट होणार नाही. ती तुमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटू लागली की तेवढाच व्हिडिओ काढा. रिबीन बांधलेल्या फोटोपेक्षा तो योग्य माणसापर्यंत पोहोचेल.

आता माणूस. दोन मोठी माणसं, लहान मूल नाही, कुत्रा नाही, पाहुण्यांची वर्दळ कमी, असं घर बघा. पण खरी परीक्षा एका प्रश्नात होते : ‘महिनाभर ती तुमच्या हाताला लागली नाही, तर?’ ‘आमचं प्रेम बघून येईलच हो’ असं उत्तर आलं तर मी मांजर देत नाही. ‘खाईल ना पण? मग बसू दे की’ असं जो म्हणतो, त्याच्या घरी मी दुसऱ्या दिवशी जाते.

घरी जाऊन खिडक्या-गॅलरी स्वतः बघा. एकदा मी चौथ्या मजल्यावरच्या घरी मांजर दिलं, ‘जाळी पुढच्या आठवड्यात लावतो’ या शब्दावर. तिसऱ्या रात्री ते गॅलरीतून गेलं, पुन्हा सापडलं नाही. चूक माझी होती आणि ती अजून सलते. आता आधी जाळी, मग मांजर. डासांची जाळी चालत नाही, नखाने फाटते.

दिवसही बघा. गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर तिला हलवू नका. वाकडी बारवपासून मेन रोड, रविवार कारंजावरून जाणाऱ्या विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवरचं घर तिच्यासाठी नकोच. आपल्या नाशिक ढोलाने आपल्याच काचा थरथरतात, मग तिच्या कानांचं काय होत असेल!

नव्या घरच्यांना एक गोष्ट कागदावर लिहून द्या : पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर लगेच डॉक्टरांना फोन. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत चालत नाही. काही दिवसांच्या उपासानेही त्याच्या यकृतात चरबी साठते आणि जीवावर बेतू शकतं.

पहिला महिना दर रविवारी त्यांना फोन करा. खाल्लं का आणि ट्रेमध्ये गेली का, एवढंच विचारा. ‘जवळ आली का?’ हे मात्र विचारू नका. तुम्ही विचारलंत की ते तिला जवळ ओढायला जातील.