आरशात बघून स्वतःचं पेन्सिल स्केच काढतो, सुरुवात डोळ्यांपासून करतो, ते मस्त येतात पण चेहरा माझा वाटतच नाही. काय चुकतंय?

तुम्ही डोळ्यांपासून सुरुवात करता असं लिहिलंय ना, घोळ तिथेच आहे. मी पण सुरुवातीला हेच करायचो, एक डोळा पापण्यांसकट तासभर घोटायचा, मग दुसरा, मग कळायचं की नाकाला जागाच उरली नाही, आणि इतका छान जमलेला डोळा खोडवत नाही म्हणून अख्खा चेहरा त्याच्याभोवती ओढत बसायचो.

ओळखीचं माणूस लांबून येताना त्याचे डोळे कुठे दिसतात, तरी आपण ओळखतोच की! चेहरा ओळखू येतो तो एकूण आकारावरून आणि मधल्या अंतरांवरून. म्हणून पहिली १५-२० मिनिटं नुसतं मोजा. एचबी पेन्सिल, हात एकदम हलका. आधी डोक्याचं सगळ्यात वरचं टोक आणि हनुवटी यांच्या खुणा, मग बरोबर मध्यावर आडवी रेघ, डोळे साधारण तिथे येतात. नवीन शिकणारे बहुतेक जण ते फार वर काढतात, कारण कपाळ आणि केसांच्या भागाकडे लक्षच जात नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एक डोळा मावेल एवढी जागा. पण हे सगळं सरासरी चेहऱ्याचं गणित झालं, तुमचा चेहरा त्यापेक्षा जिथे वेगळा आहे तेच तर चित्रात यायला हवं, म्हणून हात ताठ धरा, एक डोळा मिटा, पेन्सिलीवर अंगठ्याच्या नखाने डोळ्याची रुंदी पकडा आणि नाकाची लांबी, ओठांची रुंदी तिच्या किती पट भरते ते बघा.

दुसरा त्रास म्हणजे डोकं हलतं. आरशावर नाकाचा शेंडा दिसतो तिथे मार्करने ठिपका द्या आणि कागदावरून मान वर केली की दरवेळी तोच एक डोळा मिटून नाक परत ठिपक्यावर आणा. एवढ्याने खूप फरक पडतो, खरंच. सेल्फीवरून मात्र सध्या काढू नका, फोन फार जवळ असतो त्यामुळे नाक फुगतं आणि कान मागे जातात.

शेडिंगला एकच दिवा, बाजूने आणि जरा वरून, बाकीचे बंद. डोळे किलकिले करून बघितलं की बारकावे जातात आणि फक्त उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात, आधी तेवढेच भरा. नाकाला आउटलाइन नसते, एका बाजूची सावली असते. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पण कोरा सोडू नका, वरच्या पापणीची सावली पडून तो राखाडी दिसतो. गडद हवं तिथे ४बी, म्हणजे जास्त मऊ आणि काळी पेन्सिल घ्या, एचबी दाबून काढलं तर कागदात खाच पडते आणि नीट खोडता येत नाही. बोटाने पुसून शेडिंग करायचा मोह टाळाच, सगळं धुरकट होतं.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ मध्ये, १३ वर्षांचा असताना, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं, ते पण सिल्व्हरपॉइंटने, म्हणजे चांदीच्या टोकाने, जे धड खोडताही येत नाही! ते व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे, नेटवर सापडेल. रेषा किती हलक्या हाताने ओढल्यात ते नक्की बघा.

आणि हो, सगळं मोजून काढल्यावरही घरचे म्हणाले की तुझ्यासारखं आहे पण काहीतरी वेगळं वाटतंय, तर लगेच खोडायला घेऊ नका. आरशातला चेहरा उलटा असतो, भांग दुसऱ्या बाजूला जातो, तुम्हाला त्याची सवय आहे, त्यांना नाही. त्यांना ते चित्र आरशात दाखवा आणि मग विचारा.