दहा हजार फोनवरून की आठ हजार पगारातून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन त्या चौदा महिन्यांपासून माहेरी आहेत, शिवणकाम करून महिन्याला तीनेक हजार कमावतात. अकरा महिन्यांपूर्वी तालुक्याच्या कोर्टात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. तेव्हापासून नवऱ्याने सहा वेळा मिळून ३१,००० रुपये दिले, पाच महिने काहीच नाही. आता मुलीच्या पोटगीवर तडजोड होऊ घातली आहे. नवऱ्याचं म्हणणं असं, की पगारातून कापायला लावलं तर ८,००० वर एक रुपया मिळणार नाही. कपात मागितली नाही तर दर महिन्याला फोनवरून १०,००० टाकीन, पंचायत समितीत माझी इज्जत घालवू नको. भाऊ म्हणतो दहा घे, वकील म्हणतात कपात घे. ताई विचारतात, पोरीचं भलं कशात आहे?

ताई, माझं उत्तर पगारातून कपात हेच आहे. पण कसं आणि किती, ते नीट ऐका.

आधी भावाचा हिशेब बघू, कारण तो चुकीचा नाही. दहा हजाराने वर्षाचे १,२०,००० होतात, आठ हजाराने ९६,०००. वरचे २४,००० म्हणजे शाळेची गाडी, वह्या-पुस्तकं, एखादं आजारपण निघून जाईल. नवऱ्याने वर्षात दोन महिने चुकवले तरी तुमच्या हातात एक लाख येतात, म्हणजे कपातीपेक्षा चार हजार जास्तच. तिसरा महिना चुकला की ९०,००० उरतात आणि तुम्ही मागे पडता. सगळा सौदा या तिसऱ्या महिन्यावर उभा आहे. आणि गेल्या अकरा महिन्यांत त्यांचे पाच महिने चुकले, तेही कोर्टात तारखा चालू असताना. तडजोडीवर सही झाल्यावर तर ती टांगती तलवारही राहणार नाही. हे मी त्यांना वाईट माणूस ठरवायला लिहीत नाही. ज्याच्या हातून महिने चुकतात, त्याच्या शब्दावर शाळेची फी ठेवता येत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे १०,००० लिहिलेले कुठे आहेत? आदेशात ८,००० आणि तोंडी १०,००० असं ठरत असेल, तर वरचे दोन हजार ही त्यांची मर्जी झाली. ते थांबले तर वसुली फक्त आठची होईल. म्हणून पुढच्या तारखेला वकिलांमार्फत सरळ विचारा: दहा देण्याची ऐपत आहे ना, मग आदेशात दहाच लिहू आणि पगारातूनच घेऊ. फोनवरून पाठवा की बिलातून कापा, पगार तोच आहे. ते नऊवर आले तर नऊ घ्या. माझ्या मते लिहिलेले, कापून येणारे साडेआठ हजारसुद्धा तोंडी दहापेक्षा मोलाचे आहेत.

त्यांच्या इज्जतीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. लहान गावात मास्तरचं नाव ही मोठी गोष्ट असते, आणि ते तुमच्या मुलीचे वडील आहेत. पण शिक्षकाच्या पगारबिलात पतसंस्थेचे हप्ते, विम्याचे हप्ते कापलेले असतातच. त्याच रांगेत आणखी एक कपात. बाप मुलीचा खर्च नियमाने देतो, यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. ही कपात दोघांच्या संमतीने ठरली असं तडजोडीत लिहा, म्हणजे वसुली लागल्याचा बट्टाही त्यांना लागणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. तुमचा अर्ज ज्या २००५ च्या कायद्याखाली आहे, त्याच्या कलम २० मध्येच ही सोय आहे: पगाराचा काही भाग थेट बाईला द्यावा किंवा कोर्टात भरावा, असं मॅजिस्ट्रेट मालकाला किंवा कार्यालयाला सांगू शकतात. हक्काचीच गोष्ट आहे, मागायला संकोच नको. पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते दाखवून हातात काही उरत नाही असं कोणी म्हटलं, तर ते कर्ज स्वखुशीने काढलेलं आहे हे वकिलांना मांडू द्या. पोटगी ठरवताना कोर्ट अशा कपातींना सहसा फारसं वजन देत नाहीत.

आता कपातीच्या उणिवा, कारण त्या माहीत नसल्या की बाया दोन महिन्यांत हताश होतात. आदेश झाला म्हणजे पैसे सुरू झाले असं होत नाही. आदेशाची प्रमाणित नक्कल काढा, कोर्टाकडून पत्र जाईलच, तरी स्वतः एक प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात द्या आणि पोच घ्या. त्या पोचेवरची तारीख पुढे फार कामाला येते. पहिली कपात बिलात येईपर्यंत त्यांनी बँकेतून थेट पैसे द्यावेत, अशी ओळ आदेशात टाकून घ्या. पगारबिल उशिरा निघालं तर तुमचेही पैसे उशिरा येतील. बदली झाली तर अंतिम वेतन प्रमाणपत्रावर, म्हणजे जुन्या कार्यालयाने नव्याला द्यायच्या पगाराच्या दाखल्यावर, ही कपात नोंदली गेली का, ते विचारायला जावं लागेल. बिनपगारी रजेवर गेले तर कापायला पगारच नसतो. निलंबनातल्या निर्वाह भत्त्याला तर दिवाणी कायद्याने जप्तीतून सूट दिली आहे. अशा महिन्यांची बाकी मात्र बुडत नाही. लिहून ठेवा आणि वर्ष उलटायच्या आत वसुलीचा अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, वसुलीला देय तारखेपासून एक वर्षाचीच मुदत असते, तेव्हा ती शिस्त आपण आधीच पाळलेली बरी.

(नवरा जिनिंगमध्ये हंगामी कामाला असता, तर मी कपातीवर एवढा भर दिला नसता. कापसाचा हंगाम संपला की तिथे पगारही संपतो. पक्की नोकरी असल्यामुळेच हा रस्ता तुमच्यासाठी मजबूत आहे.)

मागची बाकी सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं आहे. आठ हजार धरले तरी अकरा महिन्यांचे ८८,००० होतात. मिळालेले ३१,००० वजा जाता ५७,००० उरतात. तडजोडीच्या कागदावर "मागील काही बाकी नाही" अशी ओळ चुपचाप येऊन बसते, सही करण्याआधी ती शोधा. बाकी हप्त्याने घ्यायची तर घ्या.

आणि वाढ. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर आजचे ८,००० दहा वर्षांनी साधारण साडेचार हजारांच्या मोलाचे राहतील. त्यांचा महागाई भत्ता वाढत जाईल, पोटगीचा आकडा तिथेच बसेल. दरवर्षी पाच टक्के वाढ आत्ताच लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक वाढीसाठी नवा अर्ज आणि नव्या तारखा.

वकिलांच्या फीची चिंता पत्रात दिसली. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

आता थोडं घरातलं बोलतो, राग मानू नका. पैसे येऊ लागले की जूनमध्ये भाऊ बियाणं-खतासाठी हात पुढे करेल. त्याने तुम्हाला आसरा दिला, त्याची पेरणी अडलेली असेल, "नाही" म्हणताना जीव तुटेल. म्हणून आत्ताच ठरवा: घरखर्चाला महिन्याला ठरावीक रक्कम, समजा २,५००, न चुकता भावजयीच्या हातात द्यायची. बाकीचे पैसे फक्त तुमच्या नावाच्या वेगळ्या खात्यात राहतील, त्यातून उसनवारी नाही. पऱ्हाटीला भाव मिळेल की नाही कुणाला माहीत, आणि पोरीची फी त्यावर लटकता कामा नये. नवऱ्याकडची मागची थकबाकी मिळाली तर त्यातले २४,००० बाजूला ठेवा, म्हणजे तीन महिने कपात अडली तरी घर चालेल.

एक काम मात्र तारखेचीही वाट न पाहता करा. सुकन्या समृद्धी खातं मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच उघडता येतं, आणि तुमची लेक नऊची आहे. वर्षाला २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, जानेवारी २०२४ मध्ये व्याजदर ८.२ टक्के झाला, आणि दहावी झाल्यावर किंवा अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. आई म्हणून तुम्ही एकट्याने ते उघडू शकता, नवऱ्याची सही लागत नाही. मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं आधार, पॅन घेऊन या आठवड्यात पोस्टात जाऊन या.